तीनशे ऐंशीचा शेअर

माझे मामा म्हैसूरला बाजारामागच्या गल्लीत कोट शिवतात. शर्ट-पँटही शिवतात, पण काय काम करता असं कुणी विचारलं तर ते 'कोट' एवढंच सांगतात. दहावीनंतर पुढे शिकायचं म्हणून मी हुणसूरहून सरकारी बसने त्यांच्या घरी आले, तेव्हा आमच्या घरातल्या कुणीही कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. वडील तंबाखूच्या भट्टीवर पानं वाळवायच्या कामाला होते आणि आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. 'ती शिकेल तेवढं शिकू दे, जेवायला काय, आम्ही जेवतो त्यात एक ताट,' असं मामा आईला म्हणाले आणि दुकानावरच्या माळ्यावर त्यांनी मला टेबल टाकून दिलं. त्या टेबलावर मी बी.कॉम. झाले. अभ्यासाचा कंटाळा आला की खाली येऊन कोटांना बटणं लावायची. आज मी एका ऑडिटर मॅडमच्या कचेरीत नोकरी करते, हिनकलला माझं भाड्याचं का होईना स्वतंत्र घर आहे, आणि अजूनही सैल बटण दिसलं की माझा हात सुई शोधतो.

मी आले त्याच वर्षी मामांनी शेअर घेतले. शिंप्याने शेअर घ्यावेत ही गोष्ट त्या गल्लीत तेव्हा नवीनच होती. घेण्यामागचं कारण तर त्याहून नवीन होतं. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथले कामगार गणवेश लहान-मोठे करून घ्यायला मामांकडे येत. गणवेशाचं कापड दोन बोटांत चोळून बघायचं आणि तो उलटा करून शिवण बघायची, ही मामांची सवय. एक दिवस ते मामींना म्हणाले, 'ही कंपनी कामगारांना जाड कापड देते आणि काखेत दुहेरी शिवण घालायला सांगते. असली कंपनी बुडत नाही.' मामी म्हणाल्या, 'मग तिथे नोकरीला जा.' मामा नोकरीला गेले नाहीत, त्यांनी शेअर घेतले. शेअर दलालाच्या कचेरीतला एक कारकून त्यांच्याकडून पँटी शिवून घ्यायचा, त्याने खातं उघडून दिलं.

किती घ्यायचे हेही त्यांनी आपल्याच पद्धतीने ठरवलं. त्या वर्षी त्यांना एका बँडचे वीस कोट शिवायचं काम मिळालं होतं. लाल कोट, सोनेरी फीत, खांद्यावर झुलणाऱ्या झालरी. त्यांतली निम्मी बटणं मी लावली आहेत. एका कोटाची जी शिलाई मिळाली, जवळपास तेवढाच त्या कंपनीच्या एका शेअरचा भाव होता. मामांना हा योग फार आवडला. 'एक कोट, एक शेअर,' ते म्हणाले. वीस कोटांची शिलाई त्यांनी सरळ शेअरमध्ये घातली. पुढे ते कधी त्या खात्याकडे फिरकले नाहीत. दलालाची कचेरी हलली, तो कारकूनही निवृत्त झाला. कधीमधी कंपनीकडून एखादं पाकीट यायचं, ते न फोडताच मामा त्याच्या पाठीमागे मापं लिहायचे.

ही सगळी पार्श्वभूमी सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचा एक रविवार.

मामांचा मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मला तो 'अक्का' म्हणतो. मी आले तेव्हा तो तिसरीत होता, पाढे मीच त्याच्याकडून म्हणवून घेतले आहेत. त्या रविवारी तो आला होता, कारण मामांना काज करायचं नवीन मशीन घ्यायचं होतं आणि त्यासाठी शेअर विकायचे होते. दसऱ्यासाठी त्याच बँडला नवे कोट हवे होते. एवढ्या कोटांची काजं हाताने करणं आता मामांच्या बोटांना झेपणारं नव्हतं. मुलाने जुनं खातं शोधून काढून स्वतःच्या फोनमध्ये आणलं होतं. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, ताटात बिसीबेळे भात होता, आणि तो डाव्या हाताने फोन चालवत होता.

'अप्पा, इथे एक चौकट रिकामी आहे. केवढ्याला घेतले होते विचारतंय.'

'तीनशे ऐंशी,' मामा घास न थांबवता म्हणाले.

'आणि किती घेतले?'

'वीस. कोट वीस होते.'

मुलाचा अंगठा थांबला. 'खात्यात दोनशे दिसतायत.'

'दोनशे कुठले? अय्यो, दोनशे कोट मी जन्मात एका वेळी शिवले नाहीत.'

'थांबा.' त्याने कंपनीचा आलेख काढला आणि बोटाने मागे मागे सरकवत त्या वर्षापर्यंत नेला. मग फोन ताटाशेजारी ठेवून त्याने मामांना दाखवला. 'हे बघा. त्या वर्षी भाव होता अडतीस.'

'तीनशे ऐंशी.'

'अप्पा, ही कंपनी आजपर्यंत तीनशे ऐंशीला गेलेलीच नाही. हे सगळ्यात वरचं टोक, दोनशे चाळीस. आज दोनशे बारा चाललाय.'

'मग पडला की! तीनशे ऐंशीचा दोनशे बारा झाला.'

'पडला नाही, वाढलाय. अडतीसचा दोनशे बारा झालाय.'

मामी मध्ये बोलल्या, 'कंपनीला जाड कापड झेपलं नसेल.' कुणी हसलं नाही.

माझ्या भावाने मग जे केलं ते त्याने प्रेमाने केलं, हे मी मुद्दाम लिहिते. त्याने वडिलांना खोटं ठरवलं नाही, उलट त्यांचं निम्मं बरोबर आहे हे सांगायचा प्रयत्न केला. 'वीस गुणिले तीनशे ऐंशी, सात हजार सहाशे,' तो म्हणाला. 'दोनशे गुणिले अडतीस, तेही सात हजार सहाशे. म्हणजे अप्पा, एकूण रक्कम तुमच्या लक्षात अगदी बरोबर आहे. फक्त एका ठिकाणचं शून्य दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसलंय. होतं असं.'

हिशोब इतका चोख होता की मीसुद्धा मान डोलावली. मामांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, 'हौदु, हो. झालं असेल.' त्यांनी भात परत घेतला नाही.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर ती आम्ही वर्षभर थट्टेला वापरली असती. पण त्याआधीच्या महिन्यात एका नवरदेवाच्या कोटाची डावी बाही मामांनी एक इंच आखूड कापली होती. त्याच सुमारास दूध गॅसवर ठेवून ते शेजारी गप्पा मारायला गेले होते आणि पातेलं काळं पडलं होतं. ह्या दोन गोष्टी घरात सगळ्यांनाच माहीत होत्या, पण अजून कुणी त्या एकमेकींना जोडल्या नव्हत्या. त्या रविवारी जेवणाच्या पानावर त्या आपोआप जोडल्या गेल्या. आणि जोडल्या त्या मामांनीच.

'शून्य डोक्यात घसरतंय म्हणजे टेपवरही घसरणार,' हात धुऊन आल्यावर ते म्हणाले. 'चोवीसची बाही बावीस कापली तर नवरदेव लग्नभर हात मागे बांधून उभा राहील. बँडवाल्यांना तर हात वर करूनच वाजवायचं असतं. मंगळवारी संध्याकाळी बँडमास्तर येणार आहे, त्याला नाही म्हणून सांगतो.'

'आणि मग?' मी विचारलं.

'मग काय. बाकीचं काम कोणीही करतं. मी कात्री नाही उचलणार.'

मुलगा म्हणाला, 'अप्पा, बंगळूरला या तुम्ही दोघं. दुकानाचं बघू.'

मामी ताटं उचलता उचलता थांबल्या. 'वा! गेली दहा वर्षं मी सांगतेय, दुकान बंद करा, गुडघे दुखतायत तुमचे. तेव्हा ऐकलं नाही. आज फोनने सांगितलं तर लगेच ऐकलं.' आणि आत जाऊन त्यांनी भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली.

संध्याकाळी भावाला बसस्टँडवर सोडायला मी स्कूटरवरून गेले. बसची वाट बघताना तो म्हणाला, 'अक्का, मी ती चौकट रिकामी सोडायला हवी होती.' त्याचे डोळे भरले होते. मी त्याला सांगितलं की चौकट त्याने बनवलेली नाही.

मामा मापं तोंडपाठ ठेवत. जुन्या गिऱ्हाइकाचं माप ते परत घेत नसत. माणूस दाराशी दिसला की 'चाळीस, छत्तीस, बाही पावणेचोवीस, जरा सुटलायस तू, पोटाला एक जास्त' असं स्वागत व्हायचं. लोक हसत, लाजत आत यायचे. सोमवारी सकाळी कामावर जाताना मी दुकानात डोकावले. एक जुनं गिऱ्हाईक पायरीवर उभं होतं आणि मामा त्याला विचारत होते, 'तुमचं माप काय बरं?' त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मामांनी त्याला त्याचं नावच विचारलं होतं.

कचेरीत माझं रोजचं काम जीएसटीच्या विवरणांचं. शेअरची कामं मॅडम स्वतः बघतात. पण त्या दुपारी डबा खाताना मी शेअर बाजाराचं स्वतःचं संकेतस्थळ उघडलं. मामांचं खरं करून दाखवायचा माझा काही बेत नव्हता. हिशोब मलाही पटलेला होता. मला एवढंच हवं होतं की निदान अडतीसच्या आसपास कुठेतरी अडतीस रुपये शून्य पैसे असावं. म्हणजे मामांना म्हणता येईल की बघा, आकडे तुम्हाला आठवले तेच, नुसतं शून्य इकडचं तिकडे. बुडत्यातलं काही वाचवावं, तसं.

त्या संकेतस्थळावर जुने भाव मिळतात. कंपनी निवडायची, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते सांगायचं, की एक लांबलचक तक्ता उतरवून घेता येतो. प्रत्येक दिवसाची एक ओळ. त्या दिवशी बाजार उघडला तेव्हाचा भाव, दिवसभरातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा, आणि बंद होतानाचा. माणसांनी त्या दिवशी खरोखर एकमेकांना दिले-घेतलेले भाव. मी ते वर्ष निवडलं, दसऱ्यानंतरचे आठवडे काढले. बँडच्या शिलाईचे पैसे दसरा झाल्यावरच मिळाले होते, एवढं मला पक्कं आठवत होतं.

तीनशे शहात्तर. तीनशे ब्याऐंशी. तीनशे एकोणऐंशी. तीनशे ऐंशी रुपये पंचवीस पैसे.

मला आधी वाटलं, मी चुकीची कंपनी निवडली. नाव तपासलं. तीच होती. पंप बनवणारी दुसरी कुठलीतरी असेल म्हणून पुन्हा तपासलं. तीच. मग मी तो तक्ता वर्षं ओलांडत खाली खाली नेत गेले. चारशे, सहाशे, नऊशे, हजाराच्या वर. आणि एका ठिकाणी, एका दिवशी अकराशे बारा, आणि लगेच खालच्या ओळीत एकशे तेरा.

डब्यातली चपाती माझ्या हातातच राहिली. एका दिवसात कुठल्याही कंपनीचं असं होत नाही. आग लागली तरी होत नाही.

शेअरचं विभाजन मला माहीत नव्हतं असं नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी त्यावर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि मला सात मिळाले होते. दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर मोडून एक रुपयाचे दहा करायचे. शेअर दहापट होतात, भाव दहावा हिस्सा होतो, आणि कुणाच्या खिशात काही येत नाही की खिशातून काही जात नाही. पण ते उत्तर पुस्तकातल्या 'क्ष' कंपनीचं होतं. 'क्ष' कंपनी पंप बनवत नव्हती, आणि तिचे शेअर माझ्या मामांकडे नव्हते. कंपनीच्या जुन्या घोषणा शोधल्या तर तेच निघालं, एकाचे दहा.

'पण मग फोन अडतीस का दाखवतो?' मी मोठ्याने म्हणाले असणार, कारण मॅडमनी मान वर केली.

मी सगळं सांगितलं. आमच्या मॅडम कमी बोलतात. त्या म्हणाल्या, 'जुना भाव दोन प्रकारचा असतो. एक, त्या दिवशी माणसाने मोजलेला. दुसरा, आज मागे बघणाऱ्याला नीट कळावं म्हणून जुळवून घेतलेला. फोनवाले दुसरा देतात. दोन्ही बरोबर. कशासाठी बघतोय ते आधी ठरवायचं.' मग डबा बंद करत म्हणाल्या, 'आणि कुणाला खोटं पाडण्याआधी आलेखाखालची बारीक अक्षरं वाचायची. उद्या अर्धी रजा घे.'

मंगळवारी दुपारी मी तक्त्याचे दोन कागद छापून घेऊन दुकानात गेले. मामा काउंटरवर बसून एका शाळेच्या पँटीला हूक लावत होते. कापायच्या मेजावर मामींनी लोणच्याच्या बरण्या वाळत घातल्या होत्या. मेज एवढं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

'मामा, तुम्ही तीनशे ऐंशीलाच घेतलेत,' मी म्हणाले आणि कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा वर-खाली करून ती ओळ वाचली. मग परत वाचली. मग कागद उलटा करून पाठ बघितली, कापड बघतात तशी.

'हे कुणी छापलं?'

'बाजारानेच. हा त्या दिवसाचा खरा भाव.'

'मग पोराच्या फोनमध्ये कुणाचा भाव आहे?'

मी समजवायला लागले. समोर बरण्यांखाली कापायचं मेज होतं, म्हणून मला वाटलं कापडाचंच उदाहरण द्यावं. 'समजा वीस मीटर कापड आहे, त्याचे आपण दोनशे तुकडे केले—'

'साकु, साकु,' मामांनी हात वर केला. साकु म्हणजे पुरे. 'कापडाचं मला सांगू नकोस. दोनशे तुकडे केलेस तर काठ सुटतात, दोरे निघतात, निम्मं वाया जातं. तुझी कंपनी तोट्यात गेली.'

मामी आतून म्हणाल्या, 'हिला कॉलेजात पाठवलं कुणी?'

मी नोटेवर आले. शंभराची एक नोट देऊन दहाच्या दहा घेतल्या, तर माणूस गरीब होत नाही की श्रीमंत होत नाही.

'सुट्टे केले!' मामा ताडकन म्हणाले. 'मग असं सांग ना, कंपनीने सुट्टे केले. विभाजन काय विभाजन. भावाभावांत भांडण झाल्यासारखं.' त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पुन्हा आक्रसला. 'पण सुट्टे नंतर केले ना? मी घेतला तेव्हा तर अख्खी नोट होती. मग त्या दिवसाचा भाव अडतीस कसा लिहिला? आज मी मीटरऐवजी वारावर कापड विकायला लागलो, तर दहा वर्षांपूर्वीच्या पावत्या घरोघर जाऊन बदलून येऊ का?'

हा प्रश्न बी.कॉम.च्या पेपरात आला नव्हता. मी नमुने कापायचा खाकी कागद ओढला आणि खडूने रेघ काढली. चढत चढत अकराशेपर्यंत, आणि तिथून सरळ खाली एकशे तेराला.

'एखाद्याने हे पाहिलं, तर त्याला काय वाटेल?'

'वाटेल काय, छाती धरून बसेल.'

'पण खरं तर काही झालेलंच नाही. म्हणून फोनवाले काय करतात, ह्या उभ्या रेघेच्या आधीचा सगळा भाग दहापट खाली ओढतात. तीनशे ऐंशीचे अडतीस, अकराशे बाराचे एकशे अकरा. मग रेघ सलग दिसते आणि कंपनी खरोखर किती वाढली ते कळतं. तुमचा भाव त्यांनी खोडला नाही, सुट्ट्यांत लिहिला.'

मामांनी त्या खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं. 'म्हणजे आज कंपनी कुठे पोचली ते बघायला अडतीस. आणि मी काय मोजलं ते बघायला तीनशे ऐंशी.'

'हो.'

'आणि दोनशे शेअर त्यांनीच खात्यात घातले.'

'हो. कळवलंही असेल पाकिटात.'

'पाकिटात!' मामी दारात आल्या. 'त्या पाकिटावर तुम्ही कुणाच्या तरी पँटीचं माप लिहिलं असेल.'

मामा हसले. रविवारपासून पहिल्यांदा हसले, आणि मग त्यांना थांबवता येईना. खांदे हलत होते, हातातली सुई त्यांनी सांभाळून बाजूला टोचून ठेवली होती.

आम्ही बंगळूरला फोन लावला. भावाला मी तक्त्याचे फोटो आधीच पाठवले होते. तो ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बोलत होता. 'अप्पा, आलेखाखाली लिहिलंय. राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. मी कधी तिथपर्यंत गेलोच नाही.' मग त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. 'तुमची दोन्ही शून्यं जागेवर आहेत.'

'तुझंही बरोबर होतं रे,' मामा म्हणाले. 'सात हजार सहाशे. तू शाळेत गुणाकारात कच्चा होतास, म्हणून मला आधी खात्री वाटेना.'

'आता ती चौकट भरू का? घेतल्याचा भाव?'

'भर. तीनशे ऐंशी.'

'अप्पा, तिथे दोनशे शेअर आहेत. तीनशे ऐंशी टाकलं तर तो म्हणेल तुमचा मोठा तोटा झाला. अडतीसच टाकायला लागेल.'

'मी अडतीसला घेतला नाही.'

'हो, पण सुट्ट्यांत—'

'मी सुट्ट्यांत घेतला नाही. अख्खी नोट मोजली. कोटाची शिलाई होती ती.'

हा वाद पुष्कळ वेळ चालला. करासाठीही दोनशेला अडतीसच धरायचे, एकूण तेवढंच येतं, हे मी सांगून पाहिलं. मामांचं म्हणणं होतं की मग चौकट रिकामी ठेवा, रिकामी चौकट निदान खोटं बोलत नाही. शेवटी मामी पुढे आल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या, 'टाक रे अडतीस. हे तिकडे बघतायत.' आणि मामांनी खरंच, इंजेक्शन घेताना बघतात तसं, रस्त्याकडे तोंड केलं.

मामींनी मात्र उत्सव लगेच आवरता घेतला. 'शेअरचा भाव आठवला म्हणून दूध उतू जायचं थांबणार आहे का? आणि त्या बाहीचं काय?' त्यांचं बरोबर होतं. एका जुन्या भावाने एवढंच सिद्ध झालं होतं की तो एक भाव मामांना बरोबर आठवत होता. मामांच्या मुलाने फोनवरच वचन घेतलं की मामा डॉक्टरला दाखवतील. ते दाखवलंही. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या, काही चित्रं काढायला लावली, आणि सांगितलं की वयाला साजेसंच आहे सगळं, चष्म्याचा नंबर मात्र पार बदललाय. टेपवरचे बारीक आकडे मामा गेले कित्येक महिने अंदाजाने वाचत होते. नव्या चष्म्यानंतर त्यांना कळलं की दुकानाच्या भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या होत्या आणि मळल्या आहेत. दूध अजूनही अधूनमधून उतू जातं. पण ते मी आले तेव्हापासून जातंय.

पण मंगळवारी संध्याकाळी ह्यातलं काही ठरलेलं नव्हतं. चष्मा जुनाच होता. बँडमास्तर आले, पायरीवर चपला काढल्या, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांच्याबरोबर बँडमधला एक जण आला होता, भला मोठा, ज्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यात मोठं पितळी वाद्य तोच वाजवतो म्हणे.

मी मामांकडे बघितलं. मामी दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या आणि आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत होत्या. मामा उठले. मग कापायच्या मेजाकडे गेले, लोणच्याच्या बरण्या एकेक करून उचलून मामींच्या हातात दिल्या, आणि म्हणाले, 'ही जागा लागणार आहे.'

मामी बरण्या छातीशी धरून आत गेल्या. 'लागू दे की,' एवढंच म्हणाल्या.

'बाही दोनदा मोजायची,' मामा मला म्हणाले. 'एकदा मी वाचणार, एकदा तू. वेगळी आली तर तिसऱ्यांदा. ह्यांचे सगळे होईपर्यंत शनिवार-रविवार तू इथे.' मी हो म्हणाले. मला ते बोलावणं पगारवाढीहून मोठं वाटलं.

त्यांनी त्या मोठ्या माणसाला समोर उभं केलं. खांदे झाले, बाही झाली, दोनदा झाली. छातीला टेप गुंडाळला तेव्हा त्या माणसाने पोट आत ओढून श्वास रोखून धरला. मामांनी टेप तसाच पकडून ठेवला आणि ते वाट बघत राहिले. आम्ही सगळेच वाट बघत राहिलो. माणसाचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला.

'सोड रे बाबा,' मामा म्हणाले. 'मिरवणुकीत वाजवायचंय तुला. फुंकलंस की पहिलं बटण राजवाड्यावर जाऊन पडेल.'

त्याने श्वास सोडला. टेप मामांच्या बोटांतून सरकत गेला, आणि त्यांनी आकडा असा मोठ्याने पुकारला की समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वळवून पाहिलं. मी तो लिहून घेतला.